आवाज येतोय, चित्र नाही : टीव्ही उघडण्याआधी बॅकलाईटचा फॉल्ट कसा ओळखायचा

या आठवड्याचा व्हिडिओ बघून झाला असेल तर हा लेख वही-पेन घेऊन वाचा. व्हिडिओत मीटरचे आकडे भरभर पुढे गेले, इथे ते सावकाश घेऊ.

सुरुवात दौंडच्या एका मुलापासून करतो. आपल्याच बॅचचा विद्यार्थी. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर दहा बाय बाराचा गाळा, हात चांगला, गिऱ्हाईकाशी बोलणं गोड. रेल्वे क्वार्टरमधल्या एका काकूंचा ३२ इंची टीव्ही त्याच्याकडे आला. आवाज येतोय, चित्र नाही. त्याने टीव्ही उघडला, बॅकलाईटच्या पट्ट्या बदलल्या, टीव्ही चालू झाला, पैसे घेतले. वीस दिवसांनी तोच टीव्ही परत. पुन्हा पट्ट्या, यावेळी स्वतःच्या खिशातून, कारण वर्षाची वॉरंटी लिहून दिलेली. महिनाभराने पुन्हा तोच टीव्ही दारात. तिसऱ्यांदा उघडताना पॅनलच्या कोपऱ्यातून बारीक 'टिक' असा आवाज आला आणि काचेत आडवी रेघ उमटली. संपला विषय. आईच्या भिशीचे पैसे उचलून काकूंना नवीन टीव्ही घेऊन दिला पोराने.

रात्री फोन आला, "सर, दुकान बंद करतो. कुरकुंभला कंपनीत लागतो."

मी म्हटलं, "ते नंतर बघू. आधी सांग, पट्टीला करंट किती जात होता?"

"ते नाही मोजलं सर."

"आणि पट्टी काढायच्या आधी व्होल्टेज?"

तेही नाही. तिन्ही वेळा त्याने लक्षण बघून पार्ट बदलला होता. शिरूर काय, दौंड काय, नवीन मुलं सगळ्यात जास्त इथेच पैसे घालवतात, म्हणून हा धडा. बॅकलाईटचं बहुतेक निदान पॅनलला हात न लावता, फक्त मागचं झाकण काढून होतं. पॅनल उघडणं हे शेवटचं काम आहे.

आधी टीव्हीच्या आत काय आहे ते

आपण 'एलईडी टीव्ही' म्हणतो तो मुळात एलसीडी टीव्हीच. समोरची एलसीडी काच स्वतः उजेड देत नाही, ती फक्त चित्र तयार करते. उजेड देतात मागच्या पट्ट्यांवरचे एलईडी. त्यामुळे पट्ट्या विझल्या तरी चित्र काचेवर असतंच, फक्त अंधारात असतं. म्हणून पहिली चाचणी फुकटातली. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू करा, रिमोटवर मेनू दाबा आणि मोबाईलची टॉर्च स्क्रीनला अगदी जवळ, तिरकी धरा. मेनूची पुसट अक्षरं दिसली, हलली, तर मेन बोर्ड, टी-कॉन आणि पॅनल ठीक आहेत. फॉल्ट बॅकलाईटच्या बाजूला आहे.

काहीच दिसलं नाही तर "बॅकलाईट गेलीय" असं गिऱ्हाईकाला सांगू नका. स्क्रीन पांढरी किंवा राखाडी उजळलेली आहे पण चित्र नाही, तर बॅकलाईट उलट चालू आहे आणि आजार दुसरीकडे आहे. आणि स्टॅण्डबायचा लाल दिवाच लागत नसेल तर आधी पॉवर सप्लाय तपासायचा.

इथे एक गैरसमज काढून टाकू. आपल्या भागात गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "लाईट कमी-जास्त झाली, म्हणून टीव्ही गेला." शेतीपंपांचा लोड, पावसाळ्यातली वीज, हे सगळं खरं आहे आणि त्याने पॉवर सप्लाय उडतोही. पण बॅकलाईटच्या पट्ट्यांना ड्रायव्हर ठरलेला करंट देत असतो. बाहेरचं व्होल्टेज थोडं हललं म्हणून एलईडी जळत नाही. एलईडी मरतो तो मुख्यतः उष्णतेने. सेटिंग शंभरावर, टीव्ही रोज दहा-बारा तास चालू, भिंतीला चिकटवलेला, मागून हवा नाही. हे नीट समजलं तर पुढचं अर्धं काम सोपं होतं.

माळेचं गणित

३२ इंची टीव्हीत बऱ्याचदा दोन किंवा तीन पट्ट्या असतात, आणि त्यांवरचे सगळे एलईडी एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात. दिवाळीची जुनी माळ आठवा. एक दिवा उडाला की अख्खी माळ बंद. तसंच इथे, एक एलईडी ओपन झाला की सगळी स्क्रीन काळी.

आता मोजा. समजा तीन पट्ट्या, प्रत्येकीवर सात एलईडी, म्हणजे एकवीस. एलईडी ३ व्होल्टचे असतील तर माळेला लागणार २१ गुणिले ३, म्हणजे ६३ व्होल्ट. थोडं इकडे-तिकडे चालतं. एलईडी ६ व्होल्टचे असतील तर हाच आकडा १२६ होतो. म्हणून पट्टीवर छापलेला कोड आणि व्होल्टेज बघितल्याशिवाय पट्टी घ्यायची नाही. दिसायला दोन्ही सारख्याच असतात.

मेन बोर्डावर साधारण १२ किंवा २४ व्होल्ट असतात. त्यांचे ६३ किंवा १२६ करण्याचं काम ड्रायव्हरचं. कॉईल, मॉस्फेट, डायोड आणि एक आयसी, एवढा त्याचा संसार. आयसी सतत बघत असतो की माळेतून करंट ठरल्याइतका जातोय का. माळ तुटली तर करंट शून्य. मग तो व्होल्टेज वाढवत जातो, ठरलेल्या मर्यादेला पोचला की स्वतःला बंद करतो. गिऱ्हाईक सांगतं ना, "चालू केला की क्षणभर उजेड येतो आणि जातो", तो हाच प्रकार, किंवा याचा भाऊ.

मीटर लावायच्या आधी

२३० व्होल्ट एसीचं शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असतं. रेक्टिफायरनंतर तेवढं डीसी मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतं, आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतं. तो स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून "ठक्क" आवाज काढणं म्हणजे शौर्य नाही. होल्डरमध्ये साधा फिलामेंटचा बल्ब लावा, दोन वायरी काढा, त्यातून डिस्चार्ज करा आणि मीटरने खात्री करा.

दुसरं, पॉवर सप्लायवर दोन भाग असतात. एक मेनला जोडलेला, दुसरा त्यापासून वेगळा केलेला. बऱ्याच बोर्डांवर मध्ये पांढरी रेघ छापलेली दिसते. बॅकलाईटची मापं घेताना मीटरची काळी वायर या दुसऱ्या भागाच्या ग्राऊंडला, म्हणजे टीव्हीच्या पत्र्याच्या सांगाड्याला लावायची. मोठ्या कपॅसिटरच्या निगेटिव्हला लावलीत तर सगळे आकडे चुकतील, आणि चुकून दोन्ही जोडले गेले तर बोर्ड जाईल. मीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर. एक हात शक्यतो मोकळा, मागे.

चार मापं

झाकण काढलं, प्लग लावला, टीव्ही स्टॅण्डबायवर आहे. एलईडी प्लस लिहिलेल्या पिनवर मीटर लावा. बूस्ट ड्रायव्हर असेल तर बऱ्याचदा तिथे आधीच १२ किंवा २४ व्होल्ट दिसतील, कारण कॉईल आणि डायोडमधून ते थेट पुढे येतात. टीव्ही चालू केल्यावरही काहीच नसेल तर ड्रायव्हरला सप्लायच पोचत नाही. फ्यूज बघा.

आता रिमोटने टीव्ही चालू करा आणि आकड्यावर नजर ठेवा. इथे घाई करू नका, हाच क्षण सगळं सांगतो.

आकडा उसळून वर गेला, समजा ९० पर्यंत, आणि लगेच खाली आला, तर ड्रायव्हर जिवंत आहे आणि माळ तुटलेली आहे. साधा मीटर एवढ्या झटक्यात आकडा दाखवायला कमी पडतो, म्हणून मॅक्स-होल्डचं बटण असलेला मीटर घ्या. चार पैसे जास्त जातात पण वसूल होतात.

आकडा हललाच नाही तर मेन बोर्डाकडून येणारा हुकूम तपासा. ती पिन बीएल-ऑन, इनेबल अशा नावाने छापलेली असते. टीव्ही चालू झाल्यावर तिथे साधारण ३ व्होल्टच्या आसपास, काही मॉडेलमध्ये ५ पर्यंत यायला हवेत. हुकूम आहे आणि ड्रायव्हर ढिम्म, तर मॉस्फेट, डायोड, आयसी तपासा. हुकूमच नाही, तर पट्ट्या आणि ड्रायव्हर दोघेही निर्दोष, दोष मेन बोर्डात. जवळच डिमिंगची पिन असते, तीही बघा. तिथे सिग्नल नसेल तर काही टीव्हीत बॅकलाईट चालू असूनही उजेड शून्य असतो.

आकडा अपेक्षेपेक्षा कमी येऊन स्थिर राहिला, म्हणजे ६३ च्या जागी ५४ वगैरे, आणि स्क्रीनवर दोन-तीन ठिकाणी काळपट डाग आहेत, तर तेवढे एलईडी शॉर्ट झालेत. तीन-तीन व्होल्ट भागून बघा, किती गेले ते घरबसल्या कळतं. असा टीव्ही आज चालतो, पण आतलं काम सुरू झालेलं असतं.

चौथं माप बॅकलाईट टेस्टरचं. बाजारात मिळणारे टेस्टर बहुधा ३०० व्होल्टपर्यंत देतात, करंट अगदी मर्यादित ठेवून. पट्टीचा कनेक्टर बोर्डावरून काढा, टेस्टर थेट त्यावर लावा. स्क्रीन उजळली आणि टेस्टरवर ६३ च्या आसपास आकडा आला, तर पट्ट्या शाबूत आणि दोष ड्रायव्हरचा. आकडा वर जाऊन बसला आणि उजेड नाही, तर माळ ओपन. करंट कमी असला तरी ३०० व्होल्ट म्हणजे ३०० व्होल्टच. टोकं हातात घेण्याआधी टेस्टर बंद.

शिरूरच्या एका विद्यार्थ्याकडे मागच्या पावसाळ्यात न्हावऱ्याहून टीव्ही आला होता. दुसऱ्या दुकानात "पट्ट्या गेल्यात, बाराशे लागतील" असं सांगितलेलं. याने टेस्टर लावला तर स्क्रीन लख्ख. मग बोर्डावरच्या कनेक्टरकडे बघितलं, तर एका पिनभोवती सोल्डरला गोल तडा गेलेला आणि प्लास्टिक तपकिरी झालेलं. पिन साफ केली, नवीन सोल्डर भरलं. पाऊण तास. तपासणी आणि दुरुस्ती मिळून चारशे रुपये घेतले, आणि गिऱ्हाईकाला तडा गेलेल्या पिनचा मोबाईलवरचा फोटो दाखवला. त्या फोटोने गावातून पुढचे तीन टीव्ही आणले.

उघडायचाच झाला तर

मापांनी सांगितलं की माळ तुटली आहे, तेव्हाच पॅनल उघडायचं. हे हाताचं काम आहे, वाचून येत नाही, व्हिडिओतला तो भाग दोनदा बघा. पण दोन-तीन गोष्टी लिहून ठेवा. काचेच्या कडेला नाजूक पट्टीसारखी फिल्म असते, तिच्यावर चिप असते. ती दुमडली की स्क्रीनवर उभ्या रेघा, आणि ती दुरुस्ती आपल्या टेबलावर होत नाही. पॅनल त्या बाजूने कधीच उचलायचं नाही. ४३ इंच आणि पुढचा टीव्ही एकट्याने उघडायचा नाही, दुसरा माणूस नसेल तर उद्या उघडा. मी एकदा ऐकलं नव्हतं. आतल्या पांढऱ्या फिल्म काढताना कोपऱ्यात पेन्सिलने खूण करा, कोणती वर, कोणती खाली, कोणती बाजू पुढे. धूळ एक कण जरी राहिली तरी गिऱ्हाईकाला ती रोज संध्याकाळी दिसणार आहे.

एकच एलईडी गेलाय, तेवढाच बदलू का, असं बरेच जण विचारतात. माझं मत, नको. बाकीचे वीस त्याच उष्णतेत तेवढीच वर्षं भाजलेत. पूर्ण सेट घाला. लांबी, एलईडींची संख्या, व्होल्टेज, स्क्रूची भोकं, लेन्सचा आकार, सगळं जुळवून. पॅनल बसवण्याआधी सेट टेस्टरवर पेटवून सगळे दाणे सारखे उजळतात का बघा.

कधी कधी स्क्रीन विझलेली नसते, जांभळट झालेली असते. त्याचं कारण मजेशीर आहे. पांढरा एलईडी आतून निळा असतो. निळ्या चिपवर पिवळट फॉस्फरचा थर असतो आणि दोन्ही मिळून पांढरा उजेड दिसतो. हा निळा एलईडी शोधल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. उष्णतेने तो फॉस्फर खराब झाला की निळा रंग डोकावायला लागतो. म्हणजे जांभळी स्क्रीन ही पट्ट्या तापत असल्याची पावती आहे. तिथे सेट बदलणं आणि करंट बघणं, दोन्ही करायचं.

दौंडच्या टीव्हीचा उलगडा

पॅनल फुटलेला तो टीव्ही पोराकडे पडूनच होता. मी म्हटलं, फेकू नकोस, त्यात तिसरा सेट घाल आणि एलईडी मायनसच्या वायरमध्ये मीटर सिरीजमध्ये लाव. करंटसाठी लाल वायरची जागा बदलायची असते हे विसरू नकोस, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. आकडा आला ४८० मिलीअँपिअर. पट्टी देणाऱ्याला फोन करून विचारलं, तर म्हणाला, "या सेटला साडेतीनशेच्या वर नका देऊ." घेताना विचारलं असतं तर तेव्हाही त्याने हेच सांगितलं असतं.

मूळ पट्टी ४८० सोसत होती. बाजारातली स्वस्त पट्टी सोसत नव्हती. ड्रायव्हर मात्र आपला तेवढाच देत राहिला. म्हणून वीस दिवस, म्हणून महिना.

उपाय साधा होता. ड्रायव्हर आयसीजवळ करंट मोजणारे छोटे रेझिस्टर असतात, बऱ्याचदा तीन-चार सारखे, एकमेकांना पॅरलल. त्याच्या बोर्डावर चार होते. एक काढला की करंट तीन-चतुर्थांश होतो, ४८० चे ३६०. वर मेनूतून बॅकलाईट ८० वर आणली. उजेडातला फरक शेजारी दुसरा टीव्ही ठेवल्याशिवाय डोळ्याला कळत नाही. पण हे करण्याआधी आयसीचा नंबर वाचून त्याची डेटाशीट बघा. रेझिस्टर कुठले ते अंदाजाने उपटायचे नाहीत, आणि सगळेच बोर्ड असे नसतात.

आता हिशेब

समजा पट्टीचा सेट ४५० रुपयांना पडला आणि काम १,२०० ला घेतलं. हातात ७५०. समजा ३२ इंची पॅनल फुटलं आणि ९,००० चा टीव्ही भरून द्यावा लागला. बारा टीव्हींची कमाई एका 'टिक' आवाजात गेली. आकडे तुमच्या बाजारातले टाका, पण हा भागाकार एकदा कागदावर करा. झाकण काढून चार मापं घ्यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि ती पॅनल उघडण्याची वेळच कमी करतात.

म्हणून तपासणीचे वेगळे पैसे घ्या, दीडशे-दोनशे, आणि दुरुस्ती केली तर बिलातून वजा करा. "बघायचे पण पैसे?" असं विचारलं तर मीटरचे आकडे लिहिलेलं जॉबकार्ड हातात द्या. त्याच कार्डावर टीव्ही घेताना स्क्रीनची अवस्था लिहा, फोटो काढा, आणि पॅनल उघडायचं असेल तर धोका आधी सांगून सही घ्या. वॉरंटी पट्ट्यांवर तीन महिने पुरे. शेजारचा वर्षाची देतो म्हणून तुम्ही देऊ नका. आणि दुरुस्ती नवीन टीव्हीच्या किमतीच्या एक-तृतीयांशाच्या वर जात असेल तर गिऱ्हाईकाला सरळ सांगा, "मामा, यात पैसे नका घालू." २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे मोठ्या टीव्हीचं हे गणित बदललंय.

माल कुठून आणायचा? रांजणगावला टीव्हीचा एवढा मोठा कारखाना आहे, म्हणजे शिरूरला पार्ट स्वस्तात मिळत असतील, असं एकाने विचारलं होतं. कारखान्याच्या गेटवर पट्टी विकत मिळत नसते. आपला बाजार पुण्यात बुधवार पेठेत. दौंडकरांनी रेल्वेने जावं, शिरूरकरांनी एसटीने. पण प्रत्येक टीव्हीसाठी फेरी मारली तर भाडं आणि दिवस दोन्ही गेले, म्हणून जास्त येणाऱ्या ३२ इंची मॉडेलचे तीन-चार सेट दुकानात ठेवा. रांजणगावच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या कामगारांना टीव्ही सुट्टीच्या दिवसाच्या आत हवा असतो. तो शनिवारी देऊ शकलात तर दहा-वीस रुपयांची घासाघीस होत नाही.

दौंडच्या पोराने दुकान बंद केलं नाही. फुटक्या काचेचा तो टीव्ही त्याने फळीवर ठेवलाय, ३६० मिलीअँपिअरवर, सकाळी शटर उघडल्यापासून रात्री बंद करेपर्यंत चालू. चौथा महिना सुरू आहे. गिऱ्हाईक विचारतं, "हा फुटका टीव्ही कशाला लावलाय?" मग तो सांगत बसतो.

या आठवड्याचा अभ्यास : भंगारवाल्याकडून पॅनल फुटलेला एक टीव्ही वजनावर आणा. माळेचं व्होल्टेज आधी पट्ट्या मोजून वहीत लिहा, मग मीटरने घ्या, आणि दोन आकड्यांत किती फरक आला ते कळवा. पुढच्या व्हिडिओत टी-कॉन घेऊ.